'विघ्न' शब्दाचा मूळ अर्थ काय? तो कुठून आला?

'विघ्न' हा सरळ संस्कृतातून आलेला शब्द. वि + हन्. 'हन्' म्हणजे मारणे, प्रहार करणे. चालू काम मध्येच मोडून टाकतं ते विघ्न. 'हन्'मधला 'ह' इथे 'घ' होतो. 'शत्रुघ्न' बघा: शत्रूला मारणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेले उपकार मारून टाकणारा. घात, आघात, हत्या हे शब्दही याच धातूचे. मला ही नाती फार आवडतात, एक शब्द उलगडला की चार आपोआप उलगडतात!

संस्कृतात तो पुल्लिंगी आहे, मराठीत मात्र 'ते विघ्न'. 'अडथळा'पेक्षा त्याची अर्थछटाही वेगळी: अडथळा वाटेत आधीच असू शकतो, विघ्न बहुधा ऐनवेळी येतं. दुसऱ्याचं काम बिघडलं की सुखावतो तो विघ्नसंतोषी.