दुसऱ्यांदा जाताना

चि. बाळ यास,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मिशनऱ्यांच्या मुलांच्या त्या शाळेत पुन्हा शिकवायला जाण्यासाठी तुझा व्हिसा आल्याचं वाचून बरं वाटलं. सामानाची यादी मागितली आहेस, पण तिथे राहून आलेल्या माणसाला ती मी काय देणार? मला बोलायचंय ते वेगळंच. पहिल्यांदा निघालास तेव्हा आपल्या चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, फोटो काढले, निरोपसभा झाली. या खेपेला लोक "अजून तिथेच का?" एवढंच विचारतात, आणि त्याने तू खट्टू झाला आहेस. होऊ नकोस. ज्या मुलांकडे तू परत चालला आहेस, त्यांच्या लेखी तुझ्या पहिल्या येण्याला फारसं मोल नव्हतं. नवे शिक्षक दरवर्षीच येतात. गेलेला शिक्षक परत आलेला मात्र त्यांनी फार वेळा पाहिलेला नसतो.

निघण्याआधी इथला हिशेब पुरा कर. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४ काढून बघ. पौल आणि बर्णबा सुवार्ताप्रसाराच्या प्रवासाहून, जिथून निघाले होते त्या अंत्युखियाला परतले, मंडळी जमवली, काय काय घडलं ते सांगितलं आणि तिथे बरेच दिवस राहिले. पुढच्याच अध्यायात पौलाला परत जाऊन ते बांधव कसे आहेत ते पाहायचं आहे. म्हणजे अहवाल देणं हेही सेवेचंच काम आहे, ते कंटाळा करत उरकू नकोस. जे जमलं नाही तेही सांग. पैसे किती आले, किती कमी पडताहेत, ते आकड्यांत सांग. आणि मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीवाचून पडद्यावर दाखवू नकोस, देणगीदार कितीही आग्रह करोत.

"गणित शिकवतोस, मग येशूची सुवार्ता कधी सांगतोस?" हा प्रश्न येणारच. चिडू नकोस. त्या मुलांचे आईवडील दूरच्या भागात दवाखाने चालवतात, बायबलचं भाषांतर करतात. मुलांच्या शिक्षणाची सोय नसेल तर त्यातली कितीतरी कुटुंबं काम अर्धवट सोडून मायदेशी परततील. हे शांतपणे सांग. मात्र तोच प्रश्न स्वतःलाही विचार, कारण आपल्यात एक वाईट खोड आहे: तास तयारीविना घ्यायचा आणि सुरुवातीच्या प्रार्थनेने तो भरून काढायचा. मुलाला बीजगणित आलं नाही तर त्या प्रार्थनेवरचाही त्याचा विश्वास उडतो.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट आपल्याकडच्या उपदेशांत फार येते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी धावायला नकार, मग ४०० मीटरचं सुवर्णपदक. तिथेच गोष्ट संपवतात, याचा मला राग येतो. १९२५ मध्ये हा माणूस चीनमधल्या तिआनजिनला, जिथे तो जन्मला होता त्या शहरात, मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायला आणि मुलांचे खेळ घ्यायला गेला. १९३२ च्या रजेत स्कॉटलंडला त्याची पाळक म्हणून दीक्षा झाली, आणि तो पुन्हा त्याच शाळेत हजर झाला. पदक जिंकलेल्या माणसाने परत त्याच फळ्यासमोर उभं राहावं, यात मला त्या शर्यतीपेक्षा जास्त काही दिसतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी परदेशी लोकांना चीनमधल्याच वेइश्येनच्या छावणीत डांबलं. तिथे चीफू शाळेची मुलंही होती, मिशनऱ्यांची मुलं, आईबापांपासून वर्षानुवर्षं ताटातूट झालेली. रविवारी खेळताना ती आपसांत मारामाऱ्या करू लागली, तेव्हा याच लिडेलने रविवारी पंच म्हणून उभं राहायचं कबूल केलं. ऑलिंपिकमध्ये न मोडलेला नियम त्याने या मुलांसाठी वाकवला. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटकेच्या काही महिने आधी, तो छावणीतच वारला.

आता मुलांबद्दल. तू गेलास की धावत येऊन बिलगतील असं धरून चालू नकोस. तुझा लाडका वर्ग पुढे गेला असेल, दोघंतिघं दुसऱ्या देशात गेली असतील. राहिलेली तुझ्याशी तुटक वागतील. हा राग नव्हे. सारखे निरोप घेऊन घेऊन ती हिशेबी झालेली असतात; हा किती दिवसांचा पाहुणा, हे आधी ताडतात. म्हणून विचारलं की खरं सांग. कराराची मुदत सांग. "मी कायम इथेच" असं प्रेमाच्या भरात चुकूनही म्हणू नकोस. आणि वर्षाच्या मधेच जायची वेळ आली, तर त्यांना ते तुझ्या तोंडून कळू दे.

एक कडू विषय. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या मामू इथे मिशनऱ्यांच्या मुलांची वसतिशाळा होती. तिथल्या मुलांवर अत्याचार झाले होते, हे १९९८ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने मांडलं. तोवर शाळा बंद होऊन पाव शतक उलटलं होतं. परतलेल्या माणसावर सगळे डोळे झाकून विश्वास टाकतात, म्हणून तूच नियम जास्त काटेकोर पाळ. मुलाशी एकट्याने बंद खोलीत बोलणं नाही, खाजगी संदेश नाहीत. कुणी मूल काही सांगायला आलं तर ऐक, लिहून ठेव, त्याच दिवशी ठरलेल्या जबाबदार व्यक्तीकडे दे. "मिशनचं नाव जाईल" असं कुणी कानाशी बोललं, मग तो कितीही ज्येष्ठ असो, तरी ते काम त्याच दिवशी झालंच पाहिजे.

स्थानिक शिक्षक, स्वयंपाकघरातले लोक, रखवालदार, यांना तुझ्यासारखी मायदेशी यायची गृहरजा नसते. तू नसताना शाळा त्यांनी चालवली. पहिल्या सत्रात एकही सुधारणा सुचवू नकोस. कायकाय बदललं ते त्यांना विचार आणि ऐकून घे.

तुझा जो सहकारी परत येत नाहीये, त्याच्याविषयी तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. पौल-बर्णबांच्या प्रवासातला साथीदार मार्कही अर्ध्यातून परतला होता, त्यावरून त्या दोघांचं बिनसलं, आणि पुढे त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला कळवलं की मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. निघण्याआधी त्या सहकाऱ्याला भेट. त्याच्या वर्गातल्या कुणाला निरोप द्यायचा असेल तर घेऊन जा.

पोहोचलास की कळव. यंदा कोणते वर्ग मिळाले तेही लिही.

तुझी,
जुनी शिक्षिका