पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

अगं,

काल फोनवर तू घाईत होतीस, मागे बाळ रडत होतं, कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून मी जास्त काही बोलले नाही. पण तू जाता जाता जे बोललीस ना, "ताई, पाळणाघराचे नऊ हजार भरून माझ्या पगारात उरणार काय, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं", ते माझ्या डोक्यातून जाईना. अगदी हेच मी २००८ साली आमच्या ओट्याशी उभी राहून बोलले होते आणि तेव्हा मला टोकायला कुणी नव्हतं. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय. छोटी झोपली की वाच, एका दमात नाही झालं तरी चालेल.

पहिलं मला हे सांग की नऊ हजार तू तुझ्याच पगारातून का वजा केलेस? पोरगी काय एकटीची आहे का तुझी? तुझ्या हातात चौतीस येतात, त्याच्या हातात बावन्न, घरात येतात शहाऐंशी. चौतीसातून नऊ काढले की चौथ्या हिश्श्याहून जास्त गेले असं वाटतं आणि पोटात गोळा येतो, तेच शहाऐंशीतून काढले की दहावा हिस्सा, म्हणजे तुमच्या घराच्या हप्त्याच्या एक तृतीयांश सुद्धा नाही. आता तो अठ्ठावीस हजारांचा हप्ता कुणी "ह्याच्या पगारातून हप्ता गेला मग ह्याने कामावर जावं कशाला" असं म्हणतं का? नाही ना. मग पाळणाघरालाच आईचा पगार का चिकटवायचा, मला हे इतकी वर्षं अकाउंट्समध्ये घालवून पण कळलेलं नाही. खर्च चुकीच्या खात्याला टाकला की ते खातं तोट्यात दिसणारच, हे तुला मी वेगळं शिकवायला नको.

आम्ही पुढे जे केलं ते सांगते, तुला पटलं तर बघ. घरखर्चाचं एक जॉइंट अकाउंट, आणि दोघांनी त्यात निम्मं निम्मं नाही तर पगाराच्या प्रमाणात टाकायचं. तुमचं प्रमाण साधारण चाळीस-साठ होतं. सगळं मिळून महिन्याला साठ हजार लागत असतील, त्यात हप्ता, किराणा, दूध, लाइटबिल, मावशी, पाळणाघर सगळं आलं, तर तू चोवीस टाक, तो छत्तीस टाकेल. तुझ्याकडे दहा राहतात, त्याच्याकडे सोळा. त्यातून ज्याने त्याने आपापली बचत आणि वरखर्च करायचा, आणि त्यातल्या निदान दोनेक हजारांचा हिशोब एकमेकांना विचारायचा नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे गं. मी पहिली आठ वर्षं एक कुर्ता घेतला तरी पिशवी कपाटात मागे लपवायची, स्वतः कमावत असून, आता हसू येतं.

आता नोकरी सोडायचा हिशोब. हातात येणाऱ्या चौतीसवर तो करूच नको. तुझी पगाराची स्लिप मीच बनवते म्हणून सांगते, तुझं बेसिक अठरा हजार, त्याच्या १२ टक्के म्हणजे २१६० तुझे पीएफला कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते, त्यातला थोडा भाग पेन्शनकडे जातो ते सोड, पण महिन्याला चारेक हजार रुपये असे आहेत जे तुझ्या डोळ्याला दिसतच नाहीत. वर ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं पुरी करून नोकरी सोडली की कंपनी एकरकमी देते ते पैसे. शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुला येत्या जूनमध्ये पाच वर्षं होतील, म्हणजे जवळजवळ बावन्न हजार. आणि मॅटर्निटी लीव्हचे २६ आठवडे सुद्धा नोकरीतच धरतात, मध्ये खंड पडला असं होत नाही, त्यामुळे कुणी काही सांगितलं तर घाबरू नकोस.

मी काय केलं माहितीये? धाकटीच्या वेळी, २००८ च्या एप्रिलमध्ये, सव्वाचार वर्षं झालेली असताना राजीनामा दिला. अजून नऊ महिने थांबले असते तर ग्रॅच्युइटी मिळाली असती, तेव्हा मला हा नियम माहीतच नव्हता, आणि हो, मी अकाउंट्सलाच होते! पीएफ काढला आणि सोफा आणला. तो सोफा कधीच भंगारात गेला, स्प्रिंग टोचायला लागली म्हणून. दोन वर्षांनी परत नोकरी शोधली तेव्हा मी ज्या मुलीला व्हाउचर लावायला शिकवलं होतं तिच्याएवढाच पगार मला मिळाला. पाळणाघराची दोन वर्षांची फी वाचवली खरी, पण पगाराची ती घसरण भरून यायला मला पुढची सहा-सात वर्षं लागली. घरी राहिल्याचं वाईट वाटत नाही, धाकटीचं रांगणं-चालणं सगळं डोळ्यासमोर झालं. पण ते मला हवं होतं म्हणून राहिले असते तर वेगळं. मी राहिले ते "परवडत नाही" म्हणून, आणि तो हिशोबच चुकलेला होता. तुला मनापासून घरी राहायचं असेल तर राहा बाई, मी एक शब्द बोलणार नाही, फक्त ते नऊ हजारांवर ढकलू नकोस.

सासूबाई म्हणाल्यात ना, मी बघेन की, पाळणाघराला कशाला पैसे घालवायचे. चांगलं आहे, बाळाला आजी मिळतेय. पण त्यांचं वय चौसष्ट, गुडघे तूच सांगतेस कसे आहेत, आणि आता छोटी जागच्या जागी आहे पण तीन महिन्यांनी ती टीव्हीच्या वायरीपाशी आणि देव्हाऱ्यातल्या समईपाशी असणार. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात एवढं त्यांच्याने होणार नाही, आणि होत नाहीये हे त्या तुला सांगणारही नाहीत, पाठ धरली की मग कळेल. मला विचारशील तर हाफ डे पाळणाघर घे, तू म्हणालीस साडेपाच हजार आहेत त्याचे, आणि चार वाजता आजीने आणायचं. त्यांचा भजनाचा वार सोडायला लावू नकोस, त्या दिवशी फुल डेचे वेगळे पैसे भर. आणि त्यांच्या हातावर दर महिन्याला काहीतरी ठेव, न मागता. पगार म्हणून नाही गं, त्यांना भाजीवाल्याकडे स्वतःच्या पैशाने नातीसाठी चिकू घेता यावेत म्हणून. आणि हे तू नाही, तुझ्या नवऱ्याने द्यायचं, मुलाच्या हातून घेताना त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.

पाळणाघर बघायला जाशील तेव्हा फी सगळ्यात शेवटी विचार. दुपारी तीनच्या सुमाराला न सांगता जा, तेव्हा सगळी पोरं झोपलेली असतात नाहीतर नुकती उठून रडत असतात, खरं काय ते तेव्हाच दिसतं. बाथरूमचा वास घे, चटया कशा आहेत बघ, एका बाईकडे किती मुलं ते मोज, सीसीटीव्ही आहे की नाही ह्याने मला तरी काही फरक पडत नाही. दिवाळीत किती दिवस बंद, तेव्हा फी पूर्ण की अर्धी, उशीर झाला तर काय, हे विचारून घे. आणि ताप आला की कुठलंच पाळणाघर मूल घेत नाही, तेव्हा रजा कुणाची हे आत्ताच ठरवा. एकदा तू, एकदा तो. फॉर्मवर पहिला नंबर त्याचा लिही, बघ काय होतं ते, गंमत नाही करत.

माझ्या थोरल्याला ज्या काकू सांभाळायच्या त्या उशीर झाला की दहा रुपये जास्त घ्यायच्या आणि मी त्या दहा रुपयांवरून त्यांच्याशी वाद घालायचे, म्हणजे अक्षरशः दारात उभं राहून. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी ठाण्यात ऑफिसात अडकले, हे मुंबईत, लोकल बंद, फोन लागेना, आणि दोन वर्षांचं पोर डोंबिवलीत काकूंकडे. रात्रभर टेबलावर डोकं ठेवून बसले होते, झोप कसली. सकाळी रुळांवरून चालत, मग मिळेल त्या ट्रकने असं करत घरी पोचले तर हा काकूंच्या नातवाचा ढगळा शर्ट घालून मऊभात खात बसलेला, मला बघून उठला पण नाही. काकूंच्या खालच्या मजल्यापर्यंत पाणी आलेलं, लाइट नाही, आणि त्यांनी रात्री त्याला तीनदा दूध गरम करून दिलं होतं. मी पर्स उघडली तर म्हणाल्या, "आधी अंघोळ करा जाऊन." एक पैसा घेतला नाही त्या रात्रीचा. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं उशीर झाला तेव्हा मात्र दहा रुपये घेतले, आणि मी मुकाट्याने दिले.

एचआरला एक विचार, आणि तोंडी नको, मेल करून विचार. ज्या ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं आहेत तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा, हे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. आपल्याकडे दीडशेच्या वर माणसं आहेत आणि पाळणाघर सोड, डबा खायला नीट जागा नाही. आत्तापर्यंत कुणी लेखी विचारलंच नाही, मी पण नाही, तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती म्हणून गप्प बसले, चुकलंच. जवळच्या एखाद्या पाळणाघराशी कंपनीने ठरवलं तरी चालतं. तू मेल कर, मी खाली सही करते, अजून दोघी-तिघी करतील.

बाकी पैसे कुठे गळतात ते पटापट सांगते. लसी. दीड महिन्याच्या डोसांचं तू सांगितलेलं बिल ऐकून मी गारच पडले. अगं पेंटाव्हॅलंट, रोटा, पीसीव्ही, पोलिओ, आणि आता नऊ महिन्यांना येईल तो गोवर-रुबेला, हे सगळं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट आहे, रांग असते एवढंच. ज्या लसी सरकारी यादीत नाहीत, कांजिण्या वगैरे, त्याच डॉक्टरांना विचारून बाहेर घे.

पहिला वाढदिवस. हॉल नको. बाळाला काही कळत नसतं, ते फुगा फुटला की रडतं आणि आपण पाहुण्यांना पुलाव वाढत फिरत असतो.

विमा छोटीच्या नावाने काढू नकोस, कमावणाऱ्याचा काढायचा असतो, तुमच्या दोघांचा टर्म, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा. आमच्या नात्यातल्या एका काकांनी गळ्यात मारलेली मुलाच्या शिक्षणाची पॉलिसी आम्ही पंधरा वर्षं भरली, हातात जे आलं त्यात इंजिनिअरिंगची एका वर्षाची फी झाली फक्त. सुकन्या समृद्धी, ते मुलींसाठीचं सरकारी बचत खातं, मात्र उघड, पोस्टात जन्माचा दाखला घेऊन जा, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत कितीही भरता येतात, पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी पुरं होतं. पण उत्साहात सगळी बचत त्यात ओतू नका. ते पैसे ती अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत अडकलेले असतात, आणि तुम्हाला अडचण येणार ती पुढच्या जूनमध्ये. आधी चार-पाच महिन्यांचा खर्च हाताशी, मग सुकन्या.

आणि हे एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपलं बजेट महिन्याच्या खर्चाने कोसळत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्यांनी कोसळतं. घरपट्टी, विम्याचे हप्ते, गणपतीला गावी जाणं, मावशींचा दिवाळीचा एक पगार, तीन लग्नांचे आहेर, पुढे शाळा सुरू झाली की ॲडमिशन, टर्म फी, आणि व्हॅनवाले काका जे मे महिन्याचे पण पैसे मागतात आणि दर वर्षी त्यावरून वाद होतो. हे सगळं एकदा बसून लिही. समजा चौऱ्याऐंशी हजार झाले, तर महिन्याला सात हजारांची आरडी लाव, पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी. पहिलं वर्ष ओढाताण होईल. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये क्रेडिट कार्ड काढावं लागणार नाही.

ॲप वगैरे तुझ्या नवऱ्याला वापरू दे हवं तर. मी कालनिर्णयवरच लिहिते, दुधाचा खाडा, मावशींचा खाडा, गॅस कधी लावला, पाळणाघराला कधी पैसे दिले, त्या त्या तारखेच्या चौकोनात. येता-जाता दोघांच्याही नजरेला पडतं, ॲप एकाच्याच फोनमध्ये राहतं.

तर असं कर, रविवारी गेल्या तीन महिन्यांची बँकेची स्टेटमेंट्स आणि ते कॅलेंडर घेऊन माझ्याकडे या, तिघंही. त्याला मुद्दाम घेऊन ये, एकटी येऊ नकोस. मी मटार उसळ करते, छोटीला हे सांभाळतील, त्यांना आता जमतं ते.

तुझी,
ताई