गाडीच्या फिटनेस तपासणीला जाण्याआधी काय काय बघून घ्यावं?

सगळ्यात आधी टायर. बऱ्याच देशांत नक्षीची खोली किमान १.६ मिमी लागते, पण ती आतल्या कडेलाही मोजा. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं असेल तर टायर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो. तसं असेल तर टायर बदलून भागत नाही, अलाइनमेंटही करून घ्या, नाहीतर नवाही तसाच झिजेल.

ब्रेक नुसते लागून चालत नाहीत. तपासणीत चाकं फिरत्या रोलरवर ठेवून डाव्या-उजव्या चाकाची ताकद वेगवेगळी मोजतात. फरक जास्त आला तर अनेकदा कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती पिन, अडकलेली असते. तसं असेल तर साफ करून ग्रीस लावलं की काम होतं, पॅड बदलायची घाई नको. हँडब्रेकही तपासा, तो हमखास विसरला जातो.

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने पुसून लगेच जाऊ नका. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण राहतात आणि जिथे ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी) वाचतात तिथे ते लगेच कळतं. आधी बिघाड काढा, मग काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. एबीएस, एअरबॅगचे दिवे चावी फिरवल्यावर लागून नंतर विझायला हवेत. अजिबात न लागणं हाही दोषच.

धुराच्या चाचणीला पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम गाडी न्या, थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नाही.

बाकी नंबरप्लेटचा दिवा, वायपर, हॉर्न, सगळे सीटबेल्ट. किरकोळ आहे, पण बरेच जण इथेच नापास होतात.