वाळ्याचं तेल ‘आवश्यक’ कसं?

डिचोलीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय. त्यांची मुलगी वाळ्याच्या मुळांतल्या ‘इसेन्शियल ऑइल’मध्ये कोणती रसायनं असतात यावर मराठीत प्रकल्प लिहिते आहे. संगणकानं भाषांतर दिलं ‘आवश्यक तेल’. चालेल का?

चालणार नाही, खोडाच. इथला ‘इसेन्शियल’ गरजेचा नव्हे. तो ‘इसेन्स’वरून आलाय, म्हणजे सार, वनस्पतीचा गंध ज्यात उतरतो तो अंश. ‘आवश्यक तेल’ वाचून मुलांना वाटेल, हे पोटात गेलंच पाहिजे.

‘अर्क’ हा शब्द जवळचा वाटतो, पण ओव्याचा अर्क म्हणतो तेव्हा ते ऊर्ध्वपातनातून, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून, मिळालेलं गंधयुक्त पाणी असतं. तेल त्यापासून वेगळं काढतात. ‘अत्तर’ही नको, त्यात बहुधा चंदनाच्या तेलासारखा आधार असतो.

मराठी विश्वकोशात ‘बाष्पनशील तेल’, म्हणजे वाफ होऊन उडणारं तेल, हा शब्द आहे, मी तोच घेतो. मात्र वाळ्याच्या बाबतीत या शब्दाची थोडी कसोटी लागते. या तेलात मुख्यतः सेस्क्विटर्पीन गटातली, जड रेणूंची संयुगं असतात, त्यामुळे ते दाट असतं आणि फार सावकाश उडतं. म्हणूनच इतर सुगंध टिकवण्यासाठी अत्तरवाले ते वापरतात. तरीही शब्द खोटा ठरत नाही: पाण्याच्या वाफेबरोबर ते मुळांतून निघून येतं, तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल येत नाही. फोंड्याला आमच्या घरी उन्हाळ्यात मडक्यात वाळ्याची जुडी टाकतात. त्या पाण्याचा वास याच अंशाचा.

मला सगळ्यात आवडतात ती घटकांची नावं. ‘खुसिमॉल’मध्ये ‘खस’ बसलाय, म्हणजे वाळ्याचं हिंदी नाव. ‘अल्फा-वेटिव्होन’ आणि ‘बीटा-वेटिव्होन’मध्ये वाळ्याचं तमिळ नाव ‘वेट्टिवेर’, त्यातला ‘वेर’ म्हणजे मूळ. आपल्याच शेजारचे शब्द जगभराच्या रसायनशास्त्रात गेलेत. तेव्हा ही नावं मराठीत बदलू नयेत, देवनागरीत जशीच्या तशी लिहावीत.

आणखी एक. बाजारात ‘वाळा’ म्हटलं की मूळच समजतात, पण गवतालाही तेच नाव आहे. म्हणून शीर्षकात ‘मुळांतील’ ठेवा: ‘वाळ्याच्या मुळांतील बाष्पनशील तेलाचे रासायनिक घटक’. पहिल्या परिच्छेदात एकदा ‘इसेन्शियल ऑइल’ देवनागरीत द्या, पुढे गरज पडणार नाही.