इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही? आधी बाकीच्या गोळ्या बघा

दादा, अंबडला कंपनीत शिफ्टची ड्युटी, चार-चार दिवस संडासला होत नाही, इसबगोलने उलट पोट जास्तच फुगतंय, हे तुमच्या पोस्टमधलं सगळं वाचत आलो आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तिथेच थांबलो. माझं दीड वर्ष त्यातच गेलंय.

पाणी, पालेभाज्या, चालणं हे दहा जणांनी सांगितलं असेलच, ते सोडतो.

मी सातपूरला होतो तेव्हा कुंथून कुंथून मूळव्याध झाली, रक्त जायला लागलं, हिमोग्लोबिन उतरलं, म्हणून लोहाची गोळी, गोळीने खडा आणखी कडक, मग परत कुंथणं आणि परत रक्त. पोटासाठी ज्या दवाखान्यात जायचो (नाव नको) तिथे दर वेळी दोन मिनिटं, तेच चूर्ण आणि वर "मिसळ बंद करा". अरे नाशकात राहून मिसळ बंद, तीही केली! पण दुसरं काय औषध चालू आहे हे एकदाही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही, कारण ती "रक्ताची" गोळी, तिचा पोटाशी काय संबंध असं डोक्यात. चूर्णात सोनामुखी (जुलाब करणारी पानं) होती, एकाचे दोन चमचे केले, नुसत्या कळा यायच्या.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच सांगितलं, घरात चालू आहे ते सगळं पिशवीत घालून आणा. पिशवी बघून त्यांनी लोहाची गोळी एक दिवसाआड केली, आतड्यात पाणी धरून ठेवणारी पावडर दिली, थायरॉईड तपासलं, आणि रक्त मूळव्याधीतूनच जातंय ना याची दुर्बिणीने खात्री केली. कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, ॲसिडिटीची काही औषधं यांनीही पोट धरतं म्हणे.

मी डॉक्टर नाही, गोळी मनाने बंद करू नका. लोहाने संडास काळपट होतो, पण डांबरासारखा चिकट असेल, वजन उतरत असेल, किंवा पोट फुगून उलट्या आणि गॅसही सरकत नसेल तर इथे विचारत बसू नका, सरळ दाखवा.

इसबगोल अर्ध्या कपात घेत असाल तर ते आत लगदा होऊन बसतं, मोठा ग्लासभर पाणी लागतंच, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, मला त्याचा चूर्णापेक्षा जास्त फायदा झाला. नाश्त्यानंतर वीस मिनिटांत कळ येते ती कंपनीच्या बसच्या घाईत दाबू नका, आणि मोबाईल बाहेर ठेवून जा, मूळव्याधीला तो अर्धा तास बसणंच नडतं.

गोळी कधीपासून चालू आहे आणि त्रास तिच्या आधीचा की नंतरचा, तेवढं लिहा.