जबडा मागे आहे, मग मानेचे मणके कशाला पाहता?

दादरची एक आई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वरचे दात ९ मिमी पुढे, खालचा जबडा मागे. अहवालात मानेच्या मणक्यांचा उल्लेख वाचून तिने धसकाच घेतला होता. "दिवसभर मान खाली घालून मोबाइल बघतो, म्हणून हनुवटी वाढली नाही का?"

नाही हो ताई. मणके जबडा वाढवत नाहीत, अडवतही नाहीत. वयात येताना शरीरात जे बदल होतात, त्यांच्या खुणा दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास उमटतात, म्हणून मणके पाहून जबड्याच्या वाढीचा अंदाज बांधता येतो. बाजूने काढलेल्या सेफॅलोग्राममध्ये (डोक्याच्या आणि जबड्याच्या एक्स-रेमध्ये) मान दिसतेच, वेगळा एक्स-रे लागत नाही. (किरणांपासून बचावासाठी गळ्याभोवती बांधलेल्या थायरॉइड कॉलरने मात्र नेमके हेच मणके झाकले जाऊ शकतात.)

फिल्म उजेडात धरून तिला दुसरा, तिसरा, चौथा मणका दाखवला. लहानपणी तिन्हींची खालची कड सपाट असते. पुढे आधी दुसऱ्याच्या कडेला खोलगटपणा येतो, मग तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या. या मुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्यात खोलगटपणा आला होता, चौथा अजून सपाट होता. सहा टप्प्यांच्या पद्धतीत हा तिसरा टप्पा: खालच्या जबड्याची सर्वांत वेगवान वाढ साधारण येत्या वर्षभरात. "सगळे दात येऊ देत, चौदाव्या वर्षी बघू" हा घरच्यांचा सल्ला इथे महागात पडला असता.

एकट्या मणक्यांवर भिस्त ठेवू नये, कारण एकच फिल्म दोन तज्ज्ञ वेगवेगळी वाचू शकतात. दर तीन महिन्यांनी अनवाणी, भिंतीला टेकून घेतलेल्या उंचीची नोंद जोडीला हवी. मुलीची पाळी सुरू झाली असेल, तर वेगवान वाढीचा काळ बहुधा मागे पडलेला असतो.

ऑर्थोडॉन्टिस्टने (दात-जबडे नीट बसवणाऱ्या डॉक्टरने) ट्विन ब्लॉक, म्हणजे वाढीच्या काळात खालचा जबडा पुढे धरणारं, वरच्या-खालच्या दातांवर बसवायचं काढता येणारं उपकरण, सुचवला होता: नऊ ते बारा महिने, जवळपास चोवीस तास, जेवतानाही. पहिला आठवडा बोलणं बोबडं होतं, लाळ सुटते, गाल दुखतात. तेवढ्यात मुलं तो काढून ठेवतात आणि उपचार तिथेच फसतो. दातांतलं अंतर बरंचसं दात सरकूनही कमी होतं, त्यामुळे हनुवटी किती पुढे येईल याची हमी मागू नये.

मुलाचा प्रश्न एकच होता, क्रिकेट खेळताना काढू का? काढ, पण डबीत ठेव. रुमालात गुंडाळलेला कचऱ्यात जातो.