मे महिन्यात मिरिस्सा? टोकन भरण्याआधी हे वाचा

मेमध्ये मिरिस्साला जावं का, ही तुमची पोस्ट वाचली आणि 2018 सालची आमचीच सहल डोळ्यांसमोर आली. तुमचा बेत तोच: मुलांची सुट्टी, मेचा शेवटचा आठवडा, श्रीलंकेचं पाच दिवसांचं पॅकेज आणि देवमासे बघायला तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सात एक रात्र. पुण्यातून असंच पॅकेज आम्हीही घेतलं होतं. टोकन भरलं नसेल तर थांबा.

व्हिसा-विमानाचं तुम्ही बघालच. आम्हाला महागात पडली ती एकच सकाळ, आणि तीही मेअखेरची.

मिरिस्साचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जवळच्या दोंद्रा टोकापाशी खोल समुद्र किनाऱ्याच्या फार जवळ येतो, म्हणून तिथे निळा देवमासा सकाळच्या फेरीत दिसू शकतो. पण मेच्या मध्यानंतर नैऋत्य मोसमी वारा याच किनाऱ्यावर येतो. बंदराची भिंत ओलांडली आणि आमची बोट नाक वर करून आपटायला लागली. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून उलट्या करत होती. अर्ध्या तासात नावाड्याने बोट वळवली, आणि योग्यच केलं. उद्या पुन्हा या, पैसे नकोत, असंही तो म्हणाला. पण आमची कँडी शहराला जायची गाडी त्याच दुपारची ठरलेली.

बुकिंगच्या वेळी मी एजन्सीत स्पष्ट विचारलं होतं, मेमध्ये दिसतात ना? 'हो काका, बारा महिने दिसतात.' परत आल्यावर चार महिने चकरा मारल्या. साहेब बाहेर गेलेत, मेल करा. मेलला उत्तर नाही. शेवटी काय ऐकवलं, तर 'तुम्ही बोटीत बसलात ना, म्हणजे सेवा दिली.' रोज श्रीलंकेची तिकिटं काढणाऱ्यांना हंगाम माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याचा राग आजही येतो. बोट सुटली नाही किंवा अर्ध्यातून परतली तर काय, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी.

पुढच्या फेब्रुवारीत स्वतः बुकिंग करून गेलो, मिरिस्सात तीन रात्री. पहिल्या दिवशी फक्त डॉल्फिन. दुसऱ्या दिवशी आधी लांबवर फवारा दिसला, उंच, सरळ. मग पाण्याखाली एक फिकट निळसर पट्टा सरकत आला, पाठ वर आली, आणि ती संपेचना. चार-पाच श्वास घेतले, शेपूट उभी राहिली, तिच्यावरून पाणी निथळलं, आणि मागे तेलासारखा गुळगुळीत गोल उरला. मुलगी माझा हात घट्ट धरून होती. म्हणून सांगतो, निदान दोन सकाळी हाताशी ठेवा. नावाड्याला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मे टळतच नसेल तर श्रीलंकेच्याच पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली बघा. तेव्हा तो किनारा वाऱ्याच्या आडोशाला असतो आणि बंदराच्या तोंडाशीच पाण्याखाली खोल दरी आहे. खात्री मात्र कुठेच नाही. मालवण-तारकर्लीला डॉल्फिनसाठी जरूर जा, पण तिथे उथळ समुद्रतळ खूप लांबपर्यंत पसरलेला आहे. किनाऱ्याजवळच्या फेरीत देवमासा दाखवतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. मी डॉक्टर नाही, मुलांचा डोस विचारूनच द्या. बसायला मधला, मागचा भाग धरा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण 8 पटीचीच न्या, 10 पटीची हलत्या बोटीत स्थिर राहत नाही. सुरय पक्षी (टर्न) एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारताना दिसले तर खाली माशांचा थवा आहे असं समजा. लाटेला पंख घासत जाणारा तपकिरी पक्षी दिसला तर तो बहुतेक शिअरवॉटर. पाणी उडेल, म्हणून मोबाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत.

तारखा नक्की झाल्या की इथे लिहा, फेब्रुवारी-मार्च असेल तर कुठे राहायचं तेही सांगतो.